आधी रक्त, मग दात

आम्हा दंतवैद्यांचं निम्मं आयुष्य रक्त थांबवण्यात जातं. दात काढला की कापसाचा बोळा आणि ठरलेलं पालुपद: घट्ट चावून धरा, थुंकू नका, आज चूळ भरू नका. भुलीच्या इंजेक्शनात अ‍ॅड्रेनलिन असतं, ते आसपासच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे भूल टिकते आणि काम करताना नीट दिसतं. रूट कॅनलमध्ये तर रक्त दिसणं म्हणजे काम अपुरं. पेपर पॉइंट, म्हणजे शोषक कागदाची बारीक काडी, मुळातल्या पोकळ नळीत, कॅनलमध्ये, घालायचा, बाहेर काढायचा, तो कोरडा पांढरा निघाला तरच कॅनल भरायला घ्यायचा. गोव्यातल्या बांबोळीच्या डेंटल कॉलेजात शिकताना हे इतकं अंगात मुरलं की लाल टोकाचा पेपर पॉइंट दिसला की अजूनही कपाळाला आठी पडते.

आणि आता मेलेल्या दातात पुन्हा रक्तवाहिन्या आणण्याचा असा एक उपचार करते, ज्यात सगळी साफसफाई झाल्यावर मुद्दाम रक्त काढायचं असतं. टोकाशी किंचित वाकवलेली फाइल, म्हणजे कानशीसारखी बारीक सुई, मुळाच्या टोकातून दोनेक मिलिमीटर पलीकडे न्यायची, तिथल्या जिवंत पेशीजालाला हलकेच डिवचायचं, आणि कॅनलमध्ये रक्त वर चढताना बघत राहायचं. हिरडीच्या पातळीपाशी येऊन ते थांबावं आणि गोठावं, एवढीच इच्छा. त्यासाठी पंधराएक मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं, आणि हातात ड्रिल असताना नुसतं बसणं दंतवैद्याला फार जड जातं. त्या दिवशी भूलही अ‍ॅड्रेनलिन नसलेली द्यायची. वाहिन्या आवळून ठेवल्या तर रक्त येणार कुठून?

हा उपचार मुख्यतः मुलांचा. वरचे समोरचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांची मुळं पुरी व्हायला आणखी तीनेक वर्षं जातात. त्या काळात दात हसताना पुरा दिसतो आणि हिरडीखाली मात्र अर्धाच असतो: मुळाच्या भिंती पातळ, टोक सताड उघडं. नेमक्या याच वयात मुलं पडतात. भात कापून झालेल्या शेतात फुटबॉल खेळताना एकमेकांच्या कोपराने, चिऱ्याच्या पायरीवर, स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहून जाताना बापाने अचानक ब्रेक मारला म्हणून. फोंड्यात माझ्याकडे अशी मुलं मे महिन्यात जास्त येतात. आई ओठाला बर्फ लावत असते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दोतोर, दांत वांचतलो न्ही?"

दात तोंडात राहील की नाही हे तेव्हाच सांगता येतं. तो वाढेल की नाही, हे सांगता येत नाही. मार लागला की मुळाच्या टोकातून आत शिरणारी वाहिनी तुटते. आतला पल्प, म्हणजे दाताचा मऊ जिवंत गाभा, मेला की मुळाची वाढ जिथल्या तिथे थांबते आणि आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आयुष्यभरासाठी अर्ध्या मुळाचा, पातळ भिंतींचा दात येतो. पूर्वी अशा दातात महिनोन् महिने कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवायचे, टोकाशी कठीण पापुद्रा धरेपर्यंत. पापुद्रा धरायचाही. पण भिंती तेवढ्याच पातळ राहायच्या, आणि फार काळ ते औषध आत राहिलं तर डेंटिन, म्हणजे त्या भिंतींचा कठीण पदार्थ, आणखी ठिसूळ होतं. मग कधीतरी कॉलेजात गेल्यावर तो मुलगा चिकूची फोड चावताना दात मानेशी मोडून बसायचा. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचं सिमेंट आणलं, त्याने टोक एका बैठकीत बंद करता येऊ लागलं. भिंतींचं दुखणं तसंच राहिलं. भिंत जाड व्हायची तर आत काहीतरी जिवंत हवं, आणि जिवंत राहायचं तर रक्त हवं.

दाताच्या आतला हा पल्प किती? बत्तीसही दातांचा एकत्र केला तर अर्धा मिलिलिटरसुद्धा भरत नाही. पण त्याची गोची त्याच्या आकारात नाही, जागेत आहे. बोरीच्या पुलावरून जाताना झुआरी नदीच्या काठाने खाजन शेतं दिसतात. चारी बाजूंनी बांध, आणि पाण्याच्या येण्याजाण्याला एकच मानस, म्हणजे जलद्वार. भरतीला तिचं लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. सगळ्या शेताचं जगणं त्या एका दारावर. मानस बिघडली की आतलं पीक गेलंच, बांध कितीही धडधाकट असोत. दाताचं तसंच आहे. चहूबाजूंनी डेंटिनची भिंत, आणि मुळाच्या टोकाशी एक छिद्र. मोठ्या माणसाच्या दातात ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून लहान. धमनी तिथूनच आत, शीर तिथूनच बाहेर, आणि ज्याला लोक "नस" म्हणतात तो मज्जातंतूही तिथूनच. बाजूने काही किरकोळ वाटा असतात, पण भरवसा ठेवण्याजोग्या नाहीत. गालाला जखम झाली तर दहा दिशांनी रक्त धावून येतं आणि आठवड्यात फक्त खूण राहते. दाताला दुसरी दिशाच नाही.

लहान मुलाच्या दाताची एकच गोष्ट नशिबाची: त्याचं दार अजून रुंद आहे. एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. या उपचाराचं सगळं गणित तेवढ्या जागेवर चालतं.

वाहिन्या दातात परत शिरू शकतात हे माणसाला फार आधी कळलं होतं, आणि ज्या रीतीने कळलं ती गोष्ट मला फार विचित्र वाटते. अठराव्या शतकातला लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर. त्याने माणसाचा नुकताच काढलेला, मूळ पूर्ण न झालेला दात घेतला, जिवंत कोंबड्याच्या तुऱ्याला चीर दिली आणि दात तिथे रोवून दिला. काही महिन्यांनी कोंबडा मारून त्याच्या डोक्यातल्या वाहिन्यांत रंगीत द्रव भरला, तुरा आणि दात मिळून उभा चिरला. दाताच्या पोटातल्या वाहिन्यांत तो रंग उतरला होता. कोंबड्याचं रक्त माणसाच्या दातात फिरत होतं. तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात ठेवलेला आहे. आणि हंटरने प्रांजळपणे लिहून ठेवलंय की पुष्कळ प्रयत्नांत हे एकदाच जमलं.

या माणसाबद्दल नुसता आदर बाळगणं कठीण आहे. याच प्रयोगांच्या बळावर त्या काळी गरिबांचे दात जिवंतपणी काढून श्रीमंतांच्या जबड्यात बसवण्याचा धंदा फोफावला. पैसे देऊन पोरांचे दात विकत घेतले जायचे. ते टिकले तर नाहीतच, उलट दातांबरोबर रोगही गेले. पण तुऱ्याच्या त्या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली, जी पुढे दीडेकशे वर्षं आम्ही विसरून गेलो. वाहिनी आपणहून वाढते. तिला जागा आणि कारण मिळालं की ती परक्या घरातही शिरते.

कारण काय, हे कळायला विसावं शतक संपत आलं. प्राणवायू रक्तवाहिनीपासून फार लांब जाऊ शकत नाही. वाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडच्या पेशी गुदमरू लागतात. पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होतं आणि प्राणवायू असेपर्यंत सतत मोडीत निघतं. प्राणवायू कमी पडला की ते मोडायचं थांबतं, साचतं, केंद्रकात जातं आणि तिथली काही जनुकं जागी करतं. त्यातलंच एक व्हीईजीएफचं, म्हणजे वाहिन्यांना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं. याच यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. गुदमरणाऱ्या पेशीचा व्हीईजीएफ आजूबाजूला झिरपतो, जवळच्या केशवाहिनीच्या भिंतीपर्यंत पोचतो, आणि तिथली एक पेशी पुढे सरसावते. तिला बोटांसारखे बारीक फाटे फुटतात, व्हीईजीएफ जिकडे दाट तिकडे ती चाचपत निघते. शेजारच्या पेशींना ती निरोप देते की तुम्ही पुढे यायचं नाही, मागून या. मागच्या विभाजित होत लांबी वाढवतात. दोन बाजूंनी आलेली टोकं एकमेकांना भेटली की जोडली जातात, आतून पोकळ होतात, रक्त वाहू लागतं. मग बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी येऊन भिंतीला टेकू देतात. ज्या फाट्यातून रक्त वाहत नाही तो काही दिवसांत विरून जातो.

हे पहिल्यांदा सविस्तर वाचलं तेव्हा मला सर्वांत आवडला तो शेवटचा भाग. शरीर आधी भरमसाट वाटा काढतं आणि ज्यांवरून खरोखरच रहदारी होते तेवढ्याच ठेवतं.

अर्थात हीच यंत्रणा गाठीलाही वापरता येते. कर्करोगाची गाठ स्वतःच्या वाहिन्या आणल्याशिवाय एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, असं ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं आणि बराच काळ लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं २००४ साली. त्याच वर्षी बांक्स आणि ट्रोप या दोन दंतवैद्यांनी मुलाच्या मेलेल्या दातात रक्त आणण्याची पद्धत छापली. एकीकडे वाहिन्या रोखायच्या, दुसरीकडे बोलावायच्या. आणि हे दोन रस्ते माझ्या खुर्चीत एकत्र येतात: बेव्हासिझुमॅब चालू असलेल्या रुग्णाचा दात काढायची वेळ आली तर आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करावा लागतो, कारण त्या औषधावर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याची उदाहरणं आहेत. हाड भरायलाही वाहिनीच लागते.

बांक्स आणि ट्रोप यांच्या आधीही हा मार्ग चाचपला गेला होता. नॉर्वेचे निगार्ड-ओस्त्बी यांनी १९६१ मध्येच कॅनलमध्ये रक्ताची गुठळी ठेवून काय होतं ते पाहिलं. पेशीजाल काही अंतर आत शिरलं, पण पल्प काही तयार झाला नाही. जंतू असलेल्या दातांत तर निकाल अधिकच नरम. अडचण जंतूंची होती. पू असलेल्या जागी शरीर बांधकाम करत नाही. त्यावर तोडगा जपानमधून आला: नीगाता विद्यापीठातल्या होशिनो यांच्या गटाने सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन यांचं मिश्रण दातातल्या जंतूंवर तपासून १९९६ मध्ये मांडलं. २००१ मध्ये इवाया आणि सहकाऱ्यांनी तेरा वर्षांच्या रुग्णाची पू झालेली उपदाढ औषधांनी जंतुमुक्त केली आणि तिची भिंत पुढे जाड होताना एक्स-रेवर दाखवली. बांक्स-ट्रोप यांनी तीन प्रतिजैविकं, रक्ताची गुठळी आणि वरून एमटीएचं झाकण असं सगळं एका पद्धतीत बसवलं. मिनोसायक्लिनने दात करडा पडतो हे पुढे कळलं, म्हणून आता ते बहुतेक वगळतात किंवा मिश्रण अगदी पातळ ठेवतात. मी साधं कॅल्शियम हायड्रॉक्साइडच वापरते, काही आठवड्यांपुरतं. आईला दात वाचलेला हवा असतो, पण पांढराही हवा असतो, आणि तिचं चुकत नाही.

यातली दोन साधी द्रव्यं मला सगळ्यांत शिकवून गेली. एक, जंतू मारणारं हायपोक्लोराइट. नेहमीच्या रूट कॅनलला ते कडक वापरलं तरी चालतं. इथे दीड टक्क्याचं, कारण त्याहून तिखट असलं तर जंतूंबरोबर टोकापाशी टिकून राहिलेल्या पेशीही जातात. दुसरं, सतरा टक्के ईडीटीए. एरवी आम्ही ते भिंतीवरचा भुसा विरघळवायला वापरतो. इथे त्याचं काम निराळं. दात घडत असताना डेंटिन घालणाऱ्या पेशींनी त्यात वाढीला चालना देणारी प्रथिनं कोंडून ठेवलेली असतात, आणि त्यांत व्हीईजीएफही असतं, हे बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. ईडीटीए भिंतीवरचं कॅल्शियम उचलतं आणि ती प्रथिनं मोकळी होतात. म्हणजे पल्प मेला तरी भिंतीत त्याची शिदोरी शिल्लक असते. वर्षानुवर्षं आम्ही ती धुऊन, वाळवून, वर गुट्टा-पर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करत आलो.

रक्त येतं ते एकटं येत नाही. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये असं टोचून आणलेलं रक्त तपासलं तेव्हा त्यात स्टेम सेलच्या, म्हणजे नवं पेशीजाल घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, खुणा हातातून काढलेल्या रक्ताच्या शेकडो पट निघाल्या. मुळाच्या उघड्या टोकाशी त्यांचा साठा असतो, रक्ताच्या लोंढ्याबरोबर त्या आत वाहत येतात. अशा पेशींच्या जाहिरातीही सुरू झाल्या. मुलाचे दुधाचे दात पडले की जपून ठेवा, गोठवा, वर्षाला एवढी फी. पालक विचारतात तेव्हा मी सरळ सांगते की पैसे तुमचे, निर्णय तुमचा, पण गोठवलेल्या पेशीला उद्या दातात घातलं तर ती खाणार काय? दुधाच्या दातात अशा पेशी असतात हे खरं, २००३ मध्येच सिद्ध झालंय. पण शरीरात त्या राहतात कुठे, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीला बिलगून. वाहिनीवाचून पेशी म्हणजे पगारावाचून कामगार. पहिल्या दिवशी येईल, दुसऱ्या दिवशी नाही.

प्रश्न वेळेचाही आहे. समोरच्या दाताचं मूळ तेरा मिलिमीटरच्या आसपास. वाहिनी शिरणार खालून, गुठळीचं वरचं टोक तिथपासून कित्येक मिलिमीटर लांब. कुत्र्यांच्या पिल्लांचे दात काढून पुन्हा रोवून केलेल्या १९७८च्या स्वीडिश अभ्यासात चौथ्या दिवसापासून वाहिन्या आत शिरताना दिसल्या आणि सबंध पल्पमध्ये पसरायला साधारण महिना लागला. तेवढे दिवस वरच्या पेशी प्राणवायूशिवाय कशा तग धरणार? या शास्त्रातली आजची खरी खटपट इथे आहे. कोणी वाहिनीच्या पेशी आणि पल्पच्या पेशी एकत्र वाढवून प्रयोगशाळेतच जाळं विणायला बघतं, म्हणजे आत घातल्यावर ते खालच्या वाहिनीला नुसतं जोडून घेईल. कोणी व्हीईजीएफ हळूहळू सोडणारं जेल बनवतं. फार सोडलं तर वाहिन्या गळक्या आणि वेड्यावाकड्या होतात, कमी सोडलं तर येतच नाहीत. रक्त पुरेसं आलं नाही तर दंडातून रक्त घेऊन, यंत्रात फिरवून, त्यातला फायब्रिनचा चिकट गोळा आत ठेवण्याची सोय आहे. फ्रान्सच्या शुक्रून यांनी २००१ मध्ये ती आणली. उपयोगी आहे, फक्त आठ वर्षांच्या मुलाला तोंडात एक सुई दिल्यावर दंडात दुसरी द्यायची म्हटल्यावर खोलीत जे होतं ते लेखात बसत नाही.

आता कडू भाग. वर्षभराने एक्स-रे काढला की काही मुलांची भिंत जाड झालेली असते, मूळ लांबलेलं असतं, टोक मिटत आलेलं असतं. सगळे खूश. पण असे काही दात पुढे दुसऱ्या कारणाने काढावे लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा आत वाढलेलं बहुतेकदा पल्प नव्हतंच. मुळाच्या बाहेरच्या आवरणासारखं, हाडासारखं काहीतरी. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही तेच. रक्त आलं, वाहिन्या आल्या, त्यांच्याबरोबर शेजारची पेशीजालं आत येऊन बसली. काही सहकारी यावरून या उपचारालाच फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या दाताच्या भिंतीला आतून हाडासारखं अस्तर लागलं आणि तो मोडायचा वाचला, तर मी ते बिनतक्रार घेईन. पालकांना मात्र "नवीन पल्प उगवेल" असं सांगायचं नाही. आणि काही दातांत भिंत जराही जाड होत नाही, फक्त पू थांबतो, हेही आधीच सांगायचं.

हे सगळं मोजायचं कसं? आम्ही दात जिवंत आहे का हे पाहायला त्याला थंड लावतो किंवा विजेचा हलका झटका देतो. दोन्ही चाचण्या मज्जातंतूला विचारतात. रक्ताला कोणी विचारतच नाही. मार लागलेल्या दाताचा मज्जातंतू महिनोन् महिने गप्प राहतो आणि तरी आत रक्त फिरत असतं, हे माहीत नसल्यामुळे पूर्वी किती चांगल्या दातांची रूट कॅनल झाली असतील कोण जाणे. कोविडच्या दिवसांत गोव्यात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्याच तत्त्वाचा, दाताला बसेल असा सेन्सर नव्वदच्या दशकापासून अभ्यासात आहे. लेझरच्या प्रकाशाने रक्तप्रवाह मोजणारं लेझर डॉप्लर तर त्याहून आधीपासून. रोजच्या दवाखान्यात दोन्ही क्वचितच सापडतात. म्हणून मार लागलेल्या मुलाच्या बाबतीत मी घाई करत नाही, पू किंवा दुखणं नसेल तर थांबते, पुन्हा बोलावते. आयांना वाटतं दोतोर काहीच करत नाही.

आमच्या गोव्यात याला आणखी एक पदर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एकाहून जास्त. साखर वाढलेली राहिली की वाहिन्यांच्या आतल्या अस्तराची नासाडी होते आणि शरीराचं गणित विचित्र बिघडतं: डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नाजूक, फुटक्या वाहिन्या उगवतात आणि पायाच्या जखमेत किंवा हिरडीत, जिथे हव्यात तिथे येतच नाहीत. एकाच माणसात दोन्ही. दात काढल्यावर खड्डा महिनाभर भरत नाही तेव्हा लोक माझ्या हाताला दोष देतात, मी त्यांच्या एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा, कागद मागते. सिगारेटवाल्यांचं याहून सोपं आहे, त्यांना काय ते माहीत असतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण वाहिनी परत यायची सगळ्यात चांगली संधी दवाखान्यात येण्याआधीच हुकते. कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मळला असेल तर जरासा धुवा, मूळ घासू नका, आणि जमलं तर तिथल्या तिथे खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या. नाहीच जमलं तर थंड दुधात टाकून निघा. कोरडा तासभर राहिला की मुळावरच्या पेशी बहुतेक गेलेल्या असतात. आमच्याकडे हमखास विचारतात, शहाळ्याचं पाणी चालेल का? चेन्नईच्या काही दंतवैद्यांनी २००८ मध्ये ते तपासून चांगलं ठरवलं होतं, नंतरच्या काही अभ्यासांत तेवढं चमकलं नाही. ते जरा आंबटही असतं. दूध असेल तर दूधच. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

मोठ्यांचं काय, हा प्रश्न मला परवा एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. त्यांना कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं की आता रूट कॅनलची गरज नाही, दात आतून नवा होतो. अगदीच थाप नाही ती. जपानमध्ये नाकाशिमा यांच्या गटाने २०१७ मध्ये पाच प्रौढ रुग्णांना त्यांच्याच दुसऱ्या दातातल्या पल्पपेशी दिल्या आणि एमआरआयवर आतला भाग जिवंत पल्पसारखा दिसला. चीनमध्ये शीआनला २०१८ मध्ये मार लागलेल्या मुलांच्या दातांत दुधाच्या दातांच्या पेशी घातल्या, तिथे लेझर डॉप्लरला रक्तप्रवाह मिळाला. हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. मग त्यांचा एक्स-रे दिव्यावर धरून मुळाचं टोक दाखवलं, वयोमानाने आणखी अरुंद झालेलं, केसाएवढं. इथून पुरेशी वाहिनी शिरवणं अजून कोणाच्या रोजच्या हातचं नाही, म्हटलं, आणि टोक कापून रुंद करायला जाल तर दातच कमकुवत होतो. तुमच्यासाठी आज तरी रूट कॅनलच चांगलं, ते नीट केलं तर पुढची वीस वर्षं निघतील.

मास्तरांनी हिशेब केला आणि म्हणाले, वीस वर्षं पुष्कळ झाली, ज्येष्ठ नागरिकांना काही सवलत आहे का?